इमेरिटा : पुळणीवरच्या एका जिवाची अडीचशे वर्षं

कोकणातल्या पुळणीवर ओहोटीच्या वेळी लाट परत फिरते, तेव्हा ओल्या वाळूवर जागोजागी पाणी दोन बाजूंना फुटून बारीक रेघा उठतात. त्या रेघांच्या टोकाशी, वाळूच्या आत, इमेरिटा बसलेला असतो. तोंड समुद्राकडे, मागचं अंग खाली रुतवलेलं, आणि वर फक्त डोळे आणि पिसारेदार मिशांची एक जोडी. लाट वर चढत असते तोवर तो मिशा मिटून ठेवतो. पाणी उतरू लागलं की त्या उघडतो, पाण्यातले सूक्ष्म वनस्पतिकण त्यांत अडकवतो, मग मिशा तोंडातून ओढून ते कण निपटून खातो. भरती चढली की तो वाळूतून सुटून लाटेबरोबर वर सरकतो, ओहोटी लागली की खाली. त्याचं सगळं प्रौढ आयुष्य या फुटत्या लाटेच्या पट्ट्यात जातं.

रत्नागिरीत मी बी.एस्सी.च्या वर्गांना प्राणिशास्त्र शिकवत होते. ओहोटीच्या वेळा बघून आम्ही भाट्याच्या पुळणीवर जायचो. मुलं मच्छीमारांच्या घरची असोत की घाटावरून आलेली, कुर्ली सगळ्यांच्या ओळखीची. इमेरिटा हातात दिला की मात्र ती गोंधळायची. सुपारीएवढा जीव, पाठ गुळगुळीत, अंग अंडाकृती, आणि डेंगे नाहीतच. चावता येत नाही, पकडता येत नाही, पुढे चालताही येत नाही. पोहणं आणि वाळू उकरणं, दोन्ही मागच्या दिशेने. तळहातावर ठेवला तरी तो मागे मागे सरकत बोटांच्या फटीत शिरू बघतो. मादी असेल तर पोटाखाली नारिंगी अंड्यांचा पुंजका असतो. इंग्रजीत या गटाला मोल क्रॅब म्हणतात. शास्त्रात त्याच्या प्रजातीचं, म्हणजे जातींच्या कुळीचं, नाव इमेरिटा. डझनभर जाती अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांपासून आफ्रिका आणि आशियापर्यंत पसरलेल्या आहेत.

या जिवाला नावं कोणी दिली, त्याचं जगणं कोणी उलगडलं आणि पुढे त्याच्याकडून माणसाला काय कळलं, हा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो. ज्या किनाऱ्यावरच्या जिवांची नोंद वेळेवर झाली, त्या किनाऱ्यावर पुढे काय बिघडलं हे लोकांना पुराव्यानिशी सांगता आलं. आपल्या किनाऱ्यावर अशा नोंदींची सुरुवात फार चांगली झाली होती. ती पुढे न्यायला हवी, हे मला या लेखात सांगायचं आहे.

सुरुवात स्वीडनमध्ये झाली. कार्ल लिनियसने १७५८ साली आपल्या ‘सिस्टिमा नॅच्युरी’च्या दहाव्या आवृत्तीत वाळूत शिरणाऱ्या एका खेकड्याची नोंद केली. तो आज अल्बुनिया या वेगळ्या प्रजातीत आहे. बाराव्या आवृत्तीत, १७६७ साली, त्याने आणखी एकाला ‘कॅन्सर इमेरिटस’ असं नाव दिलं. तेव्हा सगळे खेकडे ‘कॅन्सर’ या एकाच प्रजातीत होते आणि ती प्रजाती लिनियसने बिनपंखी कीटकांत घातली होती. खेकडा आणि पिसू एकाच वर्गात! इतक्या भरड चाळणीतून सुरुवात करून पुढच्या लोकांनी हे जग वेगळं वेगळं करत नेलं.

जोव्हान्नी स्कोपोली हा इद्रिया इथल्या पाऱ्याच्या खाणीवर वर्षानुवर्षं डॉक्टरकी केलेला माणूस. त्याने १७७७ साली या जातीला ‘इमेरिटा’ अशी स्वतंत्र प्रजाती दिली. पण १७८७ साली लिनियसचा शिष्य फॅब्रिशियस याने ‘हिप्पा’ ही प्रजाती मांडली, आणि त्याचा दबदबा एवढा मोठा की स्कोपोलीचं नाव मागे पडलं. पुढे शंभराहून अधिक वर्षं इमेरिटाच्या नव्या जाती हिप्पा म्हणूनच नोंदल्या गेल्या. फिलाडेल्फियाच्या थॉमस से याने १८१७ साली अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची ‘हिप्पा टाल्पॉइडा’ वर्णिली. पॅरिसच्या आंरी मिल्न एदवार्सने १८३७ साली आशियातली ‘हिप्पा एशियाटिका’ नोंदली. विल्यम स्टिम्पसनने १८५७ साली पॅसिफिक किनाऱ्यावरची ‘हिप्पा अॅनालोगा’ मांडली. सिडनी स्मिथने १८७७ साली टाल्पॉइडाच्या अळ्यांच्या अवस्था तपशिलाने दिल्या, त्याही हिप्पा याच नावाखाली. आज या सगळ्या जाती इमेरिटात आहेत. हिप्पा हे नाव त्यांच्या भाऊबंदांकडे गेलं आहे. त्यांच्या मिशा आखूड असतात आणि लाटेने आणून टाकलेले मेलेले जीव खाऊन ते राहतात.

स्टिम्पसनची हकिगत मी प्रत्येक वर्गाला सांगत असे. तो शिकागोच्या अॅकॅडमी ऑफ सायन्सेसचा प्रमुख झाला. आयुष्यभर जमवलेले आणि इतरांकडून अभ्यासाला आणलेले समुद्री जिवांचे नमुने त्याने तिथे ठेवले. इमारत आगीला दाद देणार नाही अशी समजूत होती. १८७१ च्या ऑक्टोबरात शिकागो जळालं, त्यात ती इमारत गेली, बाटल्या गेल्या, छापायची राहिलेली हस्तलिखितं गेली. पुढच्या वर्षी स्टिम्पसनही गेला, चाळिशीत. जे छापून झालं होतं तेवढंच उरलं. नमुन्याच्या बाटलीत घालायची चिठ्ठी मी मुलांकडून पेन्सिलीने लिहून घेत असे, कारण शाई स्पिरिटमध्ये उतरते. आणि त्याच चिठ्ठीची नक्कल वहीत करायला लावत असे, ती या माणसाची आठवण ठेवून.

विसाव्या शतकात या प्रजातीचा हिशोब नीट लागला, त्यात वॉशिंग्टनच्या नॅशनल म्युझियममधल्या दोन माणसांचा वाटा मोठा आहे. मेरी जेन रॅथबन वूड्स होल इथे भावाच्या मदतीला म्हणून कवचधारी प्राण्यांच्या कामात शिरली. कॉलेजची पदवी नव्हती. म्युझियममध्ये बाटल्या लावणं, याद्या करणं इथून सुरुवात करून ती खेकड्यांची जगातली मोठी जाणकार झाली. काम वाढत होतं, मदतनीस हवा होता, आणि त्याच्या पगाराला पैसे नव्हते. १९१४ साली तिने राजीनामा दिला, म्हणजे तिच्या पगारातून वॉल्डो श्मिट या तरुणाला नेमता येईल. स्वतः मात्र ती त्याच टेबलावर बिनपगारी काम करत राहिली, पुढे कित्येक वर्षं. श्मिटने १९३५ साली पोर्तो रिकोच्या कवचधारींवर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात इमेरिटाच्या नव्या जाती वेगळ्या काढल्या. मध्य अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या जातीला त्याने ‘इमेरिटा रॅथबनी’ हे नाव दिलं. आपला पगार सोडून ज्या बाईने त्याला या विषयात आणलं, तिचं नाव आज त्या वाळूतल्या जिवाला आहे.

आता आपल्याकडे येऊ. भारतात या गटाचा अभ्यास मद्रासला रुजला. मद्रास ख्रिश्चन कॉलेजात शिकवणाऱ्या जॉन हेंडरसनने १८९३ साली भारतीय कवचधारींवर लिहिलेल्या प्रबंधात अल्बुनियाची एक नवी जात वर्णिली आणि तिला मद्रासच्या सरकारी संग्रहालयाचे प्रमुख एडगर थर्स्टन यांचं नाव दिलं. १९३३ साली एम. कृष्ण मेनन यांनी मद्रासच्या समुद्रातल्या दशपाद कवचधारींच्या अळ्यांचं काम प्रसिद्ध केलं. त्यानंतर मद्रास विद्यापीठातल्या टी. सुब्रमोनियम यांनी ‘इमेरिटा एशियाटिका’च्या प्रजननावर अनेक वर्षं काम केलं. मादी चांगली मोठी, आणि नर जेमतेम काही मिलिमीटरचा, मादीच्या अंगाला बिलगून राहणारा. अळीची शेवटची अवस्था संपून किनाऱ्यावर आल्यावर लगेचच तो वयात येतो. हे नर पुढे वाढतात आणि वाढता वाढता मादी होतात, हे सुब्रमोनियम यांनी १९८१ साली दाखवून दिलं. वर्षातल्या प्रत्येक ऋतूतले, प्रत्येक आकाराचे जीव उघडून बघितल्याशिवाय असा निष्कर्ष काढता येत नाही. समुद्रकिनारा विद्यापीठाच्या दाराशी होता, याचा त्या माणसांनी पुरेपूर उपयोग केला.

पश्चिम किनाऱ्यावरची जात वेगळी. तिला शास्त्रीय नाव मिळालं १९६५ साली आणि ते दिलं के. एन. संकोल्ली यांनी : ‘इमेरिटा हॉल्टहुइसी’. लायडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयातले लिपके हॉल्टहुइस हे कवचधारींचे त्या काळातले सर्वांत मोठे अभ्यासक. जन्म १९२१ चा, जावामधल्या प्रोबोलिंगो गावातला. नावांच्या जुन्या गुंत्याची खडान्‌खडा माहिती असणारा हा माणूस. रंफियससारख्यांनी लिनियसच्या आधी मलाय बेटांवर जे खेकडे पाहिले, त्यांवरही त्यांनी १९५९ साली लिहिलं. संकोल्लींसारख्या, मोठ्या ग्रंथालयांपासून दूर काम करणाऱ्या माणसाने आपल्या जातीला त्यांचं नाव द्यावं, यात मला या विद्येची एक चांगली रीत दिसते. ज्याच्या कामाच्या आधाराने आपण उभे आहोत, त्याची आठवण त्या जिवाबरोबर कायमची जोडायची.

रत्नागिरीला संकोल्ली हे नाव परकं नाही. १९५८ साली रत्नागिरीत सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र सुरू झालं. पुढे ते कोकण कृषी विद्यापीठाकडे आलं. शाळांच्या सहली तिथे मत्स्यालय आणि व्हेलचा सांगाडा बघायला जातात. त्या केंद्रात संकोल्ली आणि शकुंतला शेणॉय यांनी कोळंबी, खेकडे आणि त्यांच्या भाऊबंदांच्या अळ्या वाढवण्याचं काम केलं. महाकाय गोड्या कोळंबीच्या अळ्यांवरही त्यांनी काम केलं. अळ्या वाढवणं म्हणजे काय, हे ज्याने केलं त्यालाच कळतं. अंडी धरलेली मादी आणायची, पिल्लं फुटली की काचेच्या भांड्यांत वेगवेगळी ठेवायची, रोज पाणी बदलायचं, रोज खाऊ घालायचं, प्रत्येक कात टाकल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली चित्र काढायचं. रात्री वीज गेली, पाणी तापलं, की आठवड्यांची मेहनत मरते. एवढी चिकाटी या गावात होती. रत्नागिरीचं नाव हापूसमुळे सगळे घेतात. या माणसांमुळेही ते घेतलं जावं, असं मला मनापासून वाटतं.

१९७४ साली कराचीहून नियाझी आणि हक यांनी ‘इमेरिटा कराचिएन्सिस’ ही आणखी एक जात मांडली. समुद्र तोच, अरबी. आणि अगदी अलीकडे, २०१५ साली, तैवानच्या किनाऱ्यावरून नवी जात नोंदली गेली. म्हणजे ही यादी अजून पुरी झालेली नाही. ज्या पुळणीवर हजारो माणसं रोज पाय भिजवतात, त्या पुळणीतला जीव अजून बिननावाचा असू शकतो.

नावं मिळाली, जगणं कळलं, आणि मग या जिवाने माणसाच्या कारभाराबद्दल साक्ष दिली. ही घटना कॅलिफोर्नियातली. तिथली ‘इमेरिटा अॅनालोगा’ ही जात साऱ्या किनारपट्टीभर सापडते. तिच्या सवयींवर १९१२ पासून लेख होते. स्क्रिप्स संस्थेतल्या मार्टिन जॉन्सनने १९४० च्या आसपास तिच्या अळ्या प्रवाहांबरोबर किनाऱ्यापासून किती दूर जातात हे शोधलं होतं. इयन एफर्डने १९६६ साली तिच्या खाण्याची पद्धत बारकाईने मांडली होती. म्हणजे १९७० उजाडलं तेव्हा हा जीव नक्की काय खातो, कसा खातो, कुठे राहतो, हे सगळं ठाऊक होतं. त्या सुमारास समुद्रपक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ होऊन फुटत होती आणि डीडीटीकडे बोट दाखवलं जात होतं. हे विष समुद्रात येतं कुठून? शेतांतून वाहून येतं, असं मानणं सोपं होतं. रॉबिन बर्नेट यांनी किनाऱ्यावरच्या वेगवेगळ्या पुळणींवरून इमेरिटा गोळा करून त्यांच्या अंगातलं डीडीटी मोजलं आणि १९७१ साली ‘सायन्स’मध्ये निकाल छापला. शेतीचं पाणी जिथे समुद्रात येतं तिथल्यापेक्षा लॉस एंजेलिस परगण्याच्या सांडपाण्याच्या नळाजवळच्या इमेरिटात डीडीटी ४५ पटींहून अधिक होतं. त्या सांडपाण्यात डीडीटी बनवणाऱ्या कारखान्याचं पाणी सोडलं जात होतं. अमेरिकेने १९७२ साली डीडीटीच्या शेतीतल्या वापरावर बंदी घातली. त्या बंदीमागे अनेकांचं काम होतं. पण किनाऱ्यावर विष नेमकं कुठून येतं हे इतक्या ठळकपणे दाखवण्याच्या कामी हा मुका, डेंगेही नसलेला जीव आला.

दुसरी घटना १९९८ ची. माँटेरे उपसागराच्या परिसरात शेकडो समुद्रसिंह झटके येऊन मेले. कारण होतं डोमोइक आम्ल. हे विष काही सूक्ष्म डायटम वनस्पती तयार करतात. किनाऱ्यावर अशा विषाची चाचणी शिंपल्यांवर करण्याची पद्धत होती आणि त्या वेळी शिंपल्यांत ते फारसं दिसलंच नाही. नंतरच्या वर्षांत सांताक्रुझच्या किनाऱ्यावर इमेरिटा तपासले, तेव्हा त्यांच्यातलं विषाचं प्रमाण पाण्यातल्या त्या डायटमांबरोबर चढत-उतरत असल्याचं आढळलं. २००२ साली ते प्रसिद्ध झालं. लाटेतलं तेच पाणी दिवसभर गाळून खाणारा प्राणी पाण्याची बातमी देणारच. फक्त त्याला विचारणारं कोणीतरी हवं. आज कॅलिफोर्नियात शाळा-कॉलेजांतली मुलं ठरलेल्या पुळणींवर ठरलेल्या पद्धतीने इमेरिटा मोजतात. वाळूचा गोल गाभा काढायचा, चाळायचा, प्रत्येक जिवाच्या कवचाची लांबी मोजायची, अंड्यांच्या माद्या वेगळ्या लिहायच्या, आणि सगळे परत सोडून द्यायचे. अशी वर्षानुवर्षांची नोंद त्यांच्याकडे साठली आहे.

या जिवाशी माणसाचं नातं अभ्यासापुरतं नाही. जावाच्या दक्षिण किनाऱ्यावर, पारांगत्रितिससारख्या ठिकाणी, या गटातले जीव तांदळाच्या पिठात घोळवून कुरकुरीत तळतात आणि पर्यटकांना विकतात. थायलंडमध्ये फुकेतच्या माय खाओ किनाऱ्यावरही ते खातात. दक्षिण कॅलिफोर्नियात गरवणारे कात टाकलेले मऊ इमेरिटा गरीला लावतात. किनाऱ्यावरचे पक्षी आणि उथळ पाण्यातले मासे तर त्यांच्यावर जगतातच. एक पुळण इमेरिटाने रिकामी झाली, तर रिकामी होण्याची ती फक्त सुरुवात असते.

म्हणून मला आमच्या मिऱ्याबद्दल लिहायचं आहे. रत्नागिरीजवळच्या मिऱ्याच्या किनाऱ्याला समुद्र वर्षानुवर्षं खातो आहे. पावसाळ्यातल्या उधाणात लाटा माडांच्या बुडाशी आणि घरांच्या अंगणात येतात. धूपप्रतिबंधक बंधारा ही तिथल्या लोकांची जुनी मागणी आहे आणि ती खरी आहे. ज्याचं घर पाण्यात चाललं आहे त्याला वाळूतल्या जिवाचं महत्त्व सांगत बसणं मला शोभणार नाही. पण बंधाऱ्याचे पुळणीवर काय परिणाम होतात, हेही माहीत असायला हवं. आपल्या पुळणी पावसाळ्यात वाळू गमावतात आणि पाऊस संपला की लाटा ती हळूहळू परत आणतात. कठीण दगडी भिंतीवर आपटलेली लाट जोराने परत फिरते, भिंतीपुढची वाळू नेते, आणि पुळण अरुंद होत जाते. भरतीला पाणी थेट दगडाला लागू लागलं की लाटेबरोबर वर सरकायला इमेरिटाला जागाच उरत नाही. कॅलिफोर्नियात जेनिफर डुगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भिंत असलेल्या आणि नसलेल्या पुळणी शेजारी शेजारी ठेवून मोजल्या, तेव्हा भिंतीपुढच्या पुळणी अरुंद निघाल्या आणि तिथे किनाऱ्यावरचे पक्षीही कमी आढळले. ही तुलना त्यांना करता आली, कारण मोजण्याची सवय त्यांनी आधीपासून लावून घेतली होती.

आपल्याकडे ही सवय लावणं अवघड नाही. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावर कॉलेजं आहेत, बहुतेकांत प्राणिशास्त्र आहे, आणि मुलांना पुळणीवर जायला आवडतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. प्रत्येक कॉलेजाने आपल्या जवळची एक पुळण घ्यावी. पाऊस लागण्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, उधाणाच्या ओहोटीला, ठरलेल्या ओळीत वाळू चाळावी. मिळालेले इमेरिटा मोजावेत, मापावेत, सोडून द्यावेत. पुळणीची रुंदी टेपने मोजावी. तारीख, वेळ, जागा नीट लिहावी, आणि ही वही रत्नागिरीच्या केंद्रात जमा करावी. याला लागते एक चाळणी, एक टेप, एक फूटपट्टी आणि दर वर्षी जाणारा एक शिक्षक.

किनाऱ्यावर बंधारे होणार आहेत, जेट्ट्या होणार आहेत, कारखान्यांचे नळ समुद्रात जाणार आहेत. त्या प्रत्येकाची जनसुनावणी होते आणि तिथे आमचे मच्छीमार उठून सांगतात की पुळण पूर्वीसारखी राहिली नाही. ते खरं सांगतात, पण त्यांच्यासमोर बसलेले लोक त्यांना आकडे विचारतात. संकोल्लींनी १९६५ साली आपल्या किनाऱ्यावरच्या या जिवाला नाव देऊन पहिली ओळ लिहून ठेवली आहे. पुढच्या ओळी आपण आजपासून लिहिल्या, तर वीस वर्षांनी त्या सुनावणीत गावाच्या बाजूने ठेवायला पुरावा असेल.